पती-पत्नी एकत्रीकरण

साळवे सरांवर लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे एखाद्या माणसावर लिहिताना कुठून सुरू करतात हेही मला नीट कळत नाही. सरांनी हे वाचलं तर ते आधी शुद्धलेखन बघतील आणि मग म्हणतील, "हे रेकॉर्डवर आणायची काय गरज होती?" दोन्हींबद्दल आधीच माफी मागतो. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. जेवढे दिसले तेवढे लिहितो.

सर आमच्या सरकारी वसतिगृहाचे गृहपाल होते. गृहपालानं वसतिगृहातच, मुलांबरोबर राहायचं असा नियम आहे. शहरातल्या उस्मानपुऱ्यातून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमची दुमजली इमारत. खाली ऑफिस, ऑफिसला लागून सरांची एक खोली, मागं मेस. बारावीनंतर मी वडलांबरोबर तिथं गेलो, तेव्हा वडील मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आले होते आणि त्यांना परतायची घाई होती.

"रुजू व्हायला आलाय का?" सरांनी माझ्याकडं बोट करून विचारलं.

वडलांना तो शब्द वेगळा लागला. ते म्हणाले, "रुजायला येळ लागंल, सायेब. पन चिवट हाय."

सरांनी पेन खाली ठेवलं. "इतकी वर्षं हा शब्द लिहितोय," ते म्हणाले, "पण असं कधी लक्षात आलं नाही."

वडलांनी मग दुसरी अडचण सांगितली. आमचा मुक्काम बारा महिने रानात, पोराला बंद खोलीत झोप यायची नाही. सर म्हणाले, "खिडकीजवळची कॉट मंजूर." वडलांचं समाधान झालं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "माणूस बरा हाय, पन बोलतो कागदावानी."

ते खरं होतं. भाजीत मीठ कमी पडलं तर सर "त्रुटी आहे" म्हणायचे. दोन मुलांचं भांडण मिटलं नाही तर "प्रकरण प्रलंबित". कुणी सुट्टीसाठी खोटं कारण सांगितलं तर त्याच्याकडं बघत "पुराव्यासह सादर कर." रागावून बोलताना मी त्यांना फार कमी वेळा बघितलं. मुलांना ते गावाच्या नावानं हाका मारायचे. मी गारज, माझा मित्र विकास लासूर. एकाच गावची दोन मुलं आली की थोरलं आणि धाकटं. विकास म्हणायचा, "सर पोरांना सांभाळत नायत, तालुके सांभाळतेत."

सर बुटके होते. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक स्वतःसाठी आणि एक मागणाऱ्याला द्यायचं. दुसरं चालत नसे, त्यामुळे ते लगेच परत यायचं. जेवायला सगळ्या मुलांच्या नंतर बसायचे. बसण्याआधी मेसच्या कंत्राटदाराला बोलवून पळीभर वरण उंचावरून पातेल्यात सोडायचे, एक शब्द न बोलता. धार पातळ पडली की कंत्राटदारच म्हणायचा, "उद्या बघतो, सर."

रविवारी सकाळी हजेरी झाली की सर कापडी पिशवी घेऊन सिटी बसनं वाळूजकडं जायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचे. तिकडं त्यांचं घर होतं. बाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, तिथं राहायच्या. पिशवीत टॉवेल, साबण आणि कंगवा असायचा. आम्हाला नवल वाटायचं. विकासनं एकदा विचारलंही, "सर, घरी जाताना साबण कामून नेता?"

"तिथला साबण कुठं ठेवलेला असतो ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "दर वेळेस विचारावं लागतं. बरं वाटत नाही."

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात सरांनी घरासाठी कूलर घेतला आणि तो टेम्पोत धरून बसायला मला बरोबर नेलं. तेव्हा मी बाईंना पहिल्यांदा भेटलो. वाळूजच्या कामगारांच्या वस्तीत दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. सरांनी स्वतःच्या घराची बेल वाजवली आणि दोन पायऱ्या खाली येऊन पाहुण्यासारखे उभे राहिले.

"या," बाई म्हणाल्या. "बरोबर कोण आहे?"

"मुलगा आहे. गारज."

"गारज काय? त्याला नाव असेल की काही. ये रे, असा उजेडात ये."

त्यांनी मला दारात उभं केलं, खांदे धरून थोडं वळवलं आणि पाटी तपासावी तसा माझा चेहरा बघितला. मला अवघडल्यासारखं झालं. नाव विचारलं. ज्ञानेश्वर गोरे, मी म्हणालो.

"गोरा तर नाहीस," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सर कूलरची वायर हातात धरून उभे होते. "प्लग कुठं आहे?"

"बघ ज्ञानेश्वर," बाई आतून म्हणाल्या. "घर यांनी बांधलं, आणि प्लग मला विचारतात."

चहा ओतताना बाईंनी एक बोट कपाच्या काठावर आत धरलं होतं. चहा बोटाला लागला की त्या थांबायच्या. मी बघतोय हे त्यांना कळलं असावं. "काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "समोरचं दिसतं, कडेचं गेलं. नळकांड्यातून बघितल्यासारखं. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं किती दिवस पुरतं, ते डॉक्टरसुद्धा नक्की सांगत नाहीत."

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. वर्गातल्या कडेच्या बाकांवरची मुलं दिसेनात, तेव्हा त्यांनी मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. "फळ्याकडं बघून शिकवता येतं," त्या म्हणाल्या, "पण कडेचं पोरगं काय करतंय ते दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर खुर्ची अडवू नये. यांना मात्र तीन वर्षं अजून अडवायचीय."

"मला दिसतं ना," सर म्हणाले.

"तेच तर म्हणते. तुम्हाला दिसतं, पण मी नाही."

मग बाईंनीच मला ती बदलीची गोष्ट सांगितली. लग्नानंतर सरांची नोकरी अंबाजोगाईला, बाईंची कन्नडला. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर एका गावी बदली मागता येते. त्या कलमाचं नाव 'पती-पत्नी एकत्रीकरण'. दोघांनी कित्येक वर्षं अर्ज केले, काही झालं नाही. मग कुणीतरी सल्ला दिला की दोघांनीही टाका, एकाचं तरी होईल. सरांनी कन्नड मागितलं. बाईंनी अंबाजोगाई मागितलं.

"आणि सरकारनं दोघांचंही ऐकलं," बाई म्हणाल्या.

एकाच हंगामात दोन्ही ऑर्डरी निघाल्या. सर कन्नडला गेले, बाई अंबाजोगाईला. लगेच परत बदली मागता येत नाही, त्यामुळे पुढची काही वर्षं तशीच गेली. कन्नडच्या वसतिगृहात गृहपालाची खोली पडायला आली होती, म्हणून सर बाईंच्याच जुन्या भाड्याच्या खोलीत राहिले. घरमालकीण तीच. ती रोज सरांना सांगायची, बाई अशा करायच्या, बाई तशा करायच्या.

"तिथं मला ही कळली," सर पहिल्यांदाच मधे बोलले. "संध्याकाळी एकटी असली की ही मोठ्यानं वाचते. मला माहीतच नव्हतं. घरमालकिणीला त्या आवाजात झोपायची सवय झाली होती. मला म्हणायची, तुम्ही कामून वाचत नाय?"

"मग?" मी विचारलं.

"मग वाचायला लागलो. काय करणार? तिची झोप मोडायला नको."

बाई हसल्या. म्हणाल्या, "आता मला वाचून दाखवा म्हणते तर यांना सवड नाही. तीन वर्षांनी हे येतील तेव्हा मी यांना आवाजावरून ओळखीन. नोकरी सोडून या म्हणते. किती वेळा सांगितलं."

"प्रस्ताव विचाराधीन आहे," सर म्हणाले.

"विचाराधीन म्हणजे काय ते मला नका सांगू. मीपण सरकारचीच नोकरी केलीय."

परतीच्या बसमध्ये सरांनी दोघांची तिकिटं काढली. मग स्वतःहून म्हणाले, "माझ्या जागी कुणी येणार नाही, गारज. जागा भरत नाहीत. दुसऱ्या कुणाला चार्ज देतील, तो आठवड्यातून एकदा येऊन सह्या करून जाईल." हे त्यांनी मनानं रचलेलं नव्हतं. मागं त्यांची आई वारली तेव्हा ते रजेवर होते आणि चार्ज दुसऱ्याकडं होता. तेवढ्यात वरण पाण्यासारखं झालं होतं आणि कावीळ झालेल्या एका मुलाला कुणी दवाखान्यात न नेता एकट्यालाच गावच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. तो बरा झाला. पण सर त्या मुलाच्या घरी जाऊन आले, आणि तेव्हापासून त्यांनी मोठी रजा घेतली नव्हती.

बस रेल्वे स्टेशनजवळ आली तेव्हा ते म्हणाले, "आणि दुसरं असं की, तिथं मी करू काय? बाळंतपण सोडलं तर आम्ही दोघं सलग महिनाभर एका घरात राहिलेलो नाही. मुलगी मोठी झाली, सासरी गेली, तरी नाही. माणूस चांगला आहे की नाही हे एवढ्याशा मुक्कामात कळत नसतं. तिला मी आवडलो नाही तर?"

आमच्याकडं असं कुणी विचारत नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात सरांनी आठवडाभराची रजा टाकली. आम्हाला त्यांनी 'प्रायोगिक तत्त्वावर' असं सांगितलं. चौथ्या दिवशी ते पिशवी घेऊन फाटकात उभे. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढं बाईंनीच फोनवर विकासला सांगितलं. पहिल्या दिवशी पहाटे सर उठले आणि सवयीनं ओट्यावर जाऊन ओरडले, "उठा रे, नळ आलाय." गल्लीत नाइट शिफ्ट करून आलेले कामगार नुकते झोपले होते. सगळे दचकून बाहेर आले. शेजारचा पोरगा हात जोडून म्हणाला, "काका, अभी अभी सोया था." दुसऱ्या दिवशी सरांनी स्वयंपाकघरातले डबे काढून पुन्हा ओळीनं लावले. बाई डबे बघून नाही, जागेवरून ओळखायच्या. त्या दिवशी चहात मीठ पडलं. तिसऱ्या दिवशी सरांनी वरण उंचावरून पातेल्यात सोडून बघितलं.

"मग मीच म्हटलं, तुमची रजा नामंजूर," बाई म्हणाल्या. "जा तुमच्या पोरांत."

त्यानंतर सर रविवारी जात होते, पण निवृत्तीचा विषय काढत नव्हते. आम्हालाच राहवलं नाही. विकास पुढं, आम्ही पाच-सहा जण मागं, असे ऑफिसात गेलो.

"सर, आमची काळजी करू नका," विकास म्हणाला. "तुम्ही घरी जा. आम्ही आमचं बघून घेऊ."

"काय बघताल?"

"सगळंच. मेस, पाणी, हजेरी. कमिटी करू आम्ही."

"म्हणजे मी नसलो तरी चालतं?"

विकास गडबडला. "चालतं म्हणजे... व्हय, चालवू."

सरांचा चेहरा पडला. "बरं," ते म्हणाले. "तुमचं निवेदन मिळालं. जा." दोन दिवस ते आमच्याशी धड बोलले नाहीत. मेसमध्ये वरणही सोडून बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी कंत्राटदारच विचारायला आला की सर आजारी आहेत का.

दिवाळीनंतरची गोष्ट. एका सकाळी बाईंचा ऑफिसात फोन आला. सर रविवारी घरी चष्मा विसरून आले होते, तो घेऊन त्या एकट्याच सिटी बसनं निघाल्या होत्या आणि क्रांती चौकात उतरणार होत्या. सर चिडले. "हिला कुणी सांगितलं होतं?" म्हणत तसेच निघाले. बिनचष्म्याचे रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून मी बरोबर गेलो.

चौकात नेहमीची गर्दी होती. बाई फुटपाथच्या कडेला, एका दुकानासमोर उभ्या होत्या. एका हातात चष्म्याची केस, दुसऱ्या हातानं विजेचा खांब धरलेला. त्या सरळ समोर, रस्त्याकडं बघत होत्या. सर डाव्या बाजूनं त्यांच्याजवळ गेले आणि हातभर अंतरावर थांबले. हाक मारली नाही. मला वाटलं, रागावलेत म्हणून मारत नाहीत. बाईंची मान हलली नाही. सरांनी हात वर केला, खाली घेतला. तरी बाई समोरच बघत होत्या. शेजारून माणसं जात होती, त्यातलंच एक सर होते.

मग बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, डोळ्यांच्या अगदी समोर धरला आणि नंबर लावला. सरांच्या खिशातला फोन वाजला.

सरांनी तो सवयीनं उचलला. "हॅलो," ते म्हणाले.

"मी चौकात उभी आहे," बाई फोनवर म्हणाल्या. मग आवाज दोन्हीकडून आला हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान पूर्ण वळवली, तेव्हा त्यांना सर दिसले. "कधीपासून उभे आहात?"

"आत्ताच आलो," सर म्हणाले.

त्यांनी चष्मा घेतला, घातला आणि बाईंचा हात धरून रस्ता ओलांडला. वसतिगृहात आणून मेसमध्ये जेवू घातलं आणि रिक्षानं वाळूजला पोचवून आले. दुपारी ऑफिसात बसून त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिला. तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आमच्यापैकी कुणाचं मत त्यांनी विचारलं नाही.

त्या तीन महिन्यांत सरांनी कारभारात काही ढिलाई केली नाही. फक्त दुपारी मुलं कॉलेजात गेली की ते मेसमध्ये जायचे. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथंच. गावाकडून निरोप आला होता की वडलांचा पाय मुरगळलाय, मेंढरांमागं जायला कुणी नाही, म्हणून मी रजा मागायला गेलो होतो. सर शेगडीसमोर उभे होते आणि स्वयंपाकाच्या मावशी त्यांना दोन माणसांची खिचडी शिकवत होत्या.

"मूठभर म्हणलं ना मी," मावशी म्हणत होत्या. "हे पन्नास पोरांचं झालं."

"मूठ कुणाची?" सर म्हणाले. "माझी का तुमची? ते स्पष्ट करा."

"तुमच्या घरात माझी मूठ कशी येईल, सर? तुमचीच."

सरांनी पातेल्यातले तांदूळ परत काढून घेतले आणि आपली मूठ उघडून एकदा बघितली. माझ्याकडं वळून न बघताच त्यांनी रजा दिली. "वडलांना नमस्कार सांग. पाय शेकायला सांग." मी निघालो तेव्हा ते मावशींना विचारत होते की जिरं तेलात कधी टाकायचं आणि टाकायची वेळ झाली हे कसं कळतं.

वडील तेव्हा नाशिक जिल्ह्याच्या हद्दीत, माळावर होते. तिथं फोन लागत नाही. मेंढरं टेकडीकडं नेली तरच कधीतरी रेंज येते. पंधरा दिवस झाले असतील. एका दुपारी टेकडीवर फोन वाजला. विकास होता.

"किती फोन लावले तुला," तो म्हणाला. "सर गेले. परवा."

"कशानं?" मी विचारलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. "तसं नाय रे," तो म्हणाला. "घरी गेले. ऑर्डर आली."

त्यानं सगळं सांगितलं. चार्ज घ्यायला येणारे साहेब सकाळी येणार होते, ते दिवसभर आलेच नाहीत. सर सामान बांधून ऑफिसात बसून राहिले. चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही. दुपारी बाई रिक्षा घेऊन न्यायला आल्या, त्याही त्यांच्याशेजारी बसून राहिल्या. मुलांनी हार आणला होता, तो सरांनी घातला नाही. साहेब येऊ द्या, म्हणाले. संध्याकाळी हजेरीची वेळ झाली तरी साहेब आले नाहीत. सर हजेरीला उठले तर बाई म्हणाल्या, मला पण यायचंय. ज्यांच्यापायी तुम्ही इथं राहिलात, ती पोरं तरी बघून घेते.

मग दिवा लावून ओट्यावर दोघं बसले. सर नाव घ्यायचे. ज्याचं नाव आलं, त्यानं बाईंच्या अगदी समोर येऊन उभं राहायचं. बाई त्याचा चेहरा नीट बघायच्या, मग सर पुढचं नाव घ्यायचे. कुणी हसलं नाही. मोठी मुलंही रांगेत थांबली. हजेरी संपत आली तेव्हा ते साहेब आले आणि तेही बाजूला उभे राहिले.

"आणि माझं?" मी विचारलं. "माझं नाव घेतलं का?"

"घेतलं ना. सर म्हणाले, हा गैरहजर आहे, रजा दिलेली आहे."

"मग?"

"बाई म्हणाल्या, त्याला मी बघितलंय. पुढचं नाव घ्या."